आधी मोजा, मग बदला

नगर जिल्ह्यातल्या एमएच-१६ आणि एमएच-१७ पासिंगच्या, २००८ ते २०१० च्या सुमारास घेतलेल्या डिझायर, इंडिगो, अ‍ॅक्सेंट, सिटी अशा घरगुती सेडान गाड्यांनी आता पंधरा वर्षे ओलांडली आहेत. खासगी मोटारीची नोंदणी पंधरा वर्षे चालते. पुढे गाडीची तपासणी करून घेऊन, पर्यावरण कर भरून ती पाच-पाच वर्षांसाठी वाढवावी लागते. गाडी ठेवायची की काढायची, हा प्रश्न याच टप्प्यावर घरोघरी निघतो. ‘आता ती खर्चच काढत बसणार’ असे शेजारी सांगतात आणि गॅरेजमध्ये एकामागून एक भाग बदलले जातात. तरीही मूळ दुखणे तसेच राहते.

यातून सुटका आहे. मोटारीचा प्रत्येक भाग ठरावीक कारणाने थकतो. उष्णता, क्षार, ओलावा, धूळ ही ती कारणे, आणि त्यांचा परिणाम मोजता येतो. संरक्षण संशोधन आणि विकास संघटनेची व्हीआरडीई ही संस्था नगरलाच आहे. वाहनांच्या नव्या मॉडेलांची चाचणी घेऊन प्रमाणपत्र देण्याचा अधिकार असलेल्या देशातल्या मोजक्या संस्थांपैकी ती एक. नव्या गाडीला तिथे जी मोजमापाची शिस्त लावतात, तिचा छोटा भाग दारातल्या जुन्या गाडीलाही लावता येतो.

काटा केव्हा चढतो?

नगर शहर समुद्रसपाटीपासून साधारण ६५० मीटर उंचीवर आहे. इथे उघड्या भांड्यातले पाणी ९८ अंश सेल्सिअसच्या आसपास उकळते. इंजिनातून फिरणारे पाणी ९० ते १०० अंशांवर असते, म्हणजे उकळीच्या अगदी काठावर. ते उकळत नाही, कारण रेडिएटरचे झाकण त्याच्यावर दाब धरून ठेवते. हवेच्या दाबापेक्षा ०.९ बार जादा दाब मिळाला की उत्कलनबिंदू वीसेक अंशांनी वर सरकतो. झाकणाची स्प्रिंग सैल झाली किंवा रबर कडक झाले, तर दाब टिकत नाही आणि गाडी गरम होऊ लागते. म्हणून इंजिनचे हेड खोलण्याची भाषा करण्याआधी झाकण तपासून घ्यावे. मात्र तापलेल्या इंजिनाचे झाकण कधीही उघडू नये. दाब एकदम उतरला, की शंभरीपार गेलेले पाणी क्षणात उकळून वाफेसह अंगावर उसळते.

तापमानाचा काटा कोणत्या वेळी चढतो, ही नोंद निदानाला सर्वाधिक उपयोगी पडते. शिर्डीच्या गर्दीत चढतो आणि मोकळा रस्ता लागताच उतरतो, तर पंखा, त्याचा फ्यूज, रिले किंवा सेन्सर पाहावा. वेगात समोरचा वाराच पंख्याचे काम करतो, म्हणून काटा खाली येतो. उभ्या गाडीत काटा जागेवर असतो, पण करंजी घाट चढताना किंवा भरल्या गाडीने पुणे रस्त्यावर वेग घेताना वर सरकतो, तर रेडिएटर चोंदलेला असण्याची किंवा पाण्याचा पंप कमजोर झाल्याची शक्यता अधिक. काटा नेहमीच्या जागेपर्यंत पोहोचतच नसेल, तर थर्मोस्टॅट उघडा अडकला असावा. अशी गाडी गार इंजिनाने पळते आणि पेट्रोल जास्त पिते. खाली एक थेंब न गळता पाणी रोज कमी होत असेल आणि इंजिन तापल्यावरही सायलेन्सरमधून पांढरा धूर निघत असेल, तर मात्र हेड गॅस्केटकडे लक्ष द्यावे.

रेडिएटर आतून चोंदण्याचे एक मोठे कारण आपल्या जमिनीत आहे. बेसॉल्टच्या भेगांतून बोअरवेलला येणाऱ्या पाण्यात कॅल्शियम आणि मॅग्नेशियमचे क्षार बरेच असतात. पाणी तापले की कॅल्शियम कार्बोनेटचा थर नळ्यांच्या आत बसतो. धातूच्या तुलनेत हा थर उष्णता कितीतरी पटींनी कमी वाहून नेतो. पाथर्डी-जामखेडच्या वाटेवर अडल्यावर हॉटेलच्या पिंपातले पाणी टाकले तर चालेल, पण त्याची सवय नको. कंपनीने सांगितलेले कूलंट डिस्टिल्ड पाण्यात मिसळून भरावे. त्यातले इथिलीन ग्लायकॉल उत्कलनबिंदू वाढवते आणि सोबतची रसायने गंज रोखतात. ग्लायकॉल चवीला गोड आणि विषारी असते. जुने कूलंट मुले, कुत्री आणि गुरे यांच्या तोंडी लागेल अशा जागी ओतू नये.

सेल्फ उचलत नाही

सकाळी सेल्फ उचलत नाही म्हटले की पहिला संशय बॅटरीवर जातो आणि नवी बॅटरी येते. काही दिवसांनी तीही उतरते. इथे काही शे रुपयांचा मल्टिमीटर हजारो रुपये वाचवतो. रात्रभर उभ्या असलेल्या गाडीच्या बॅटरीवर १२.६ व्होल्ट दिसले तर ती पूर्ण भरलेली आहे, १२.२ म्हणजे जवळपास निम्मी. सेल्फ मारताना आकडा साडेनऊच्या खाली गेला, तर बॅटरी थकलेली असावी. इंजिन चालू असताना साधारण १३.८ ते १४.४ व्होल्ट दिसले पाहिजेत. तिथे १२.५ च दिसत असतील, तर दोष चार्जिंगचा, म्हणजे गॅरेजच्या भाषेत डायनॅमोचा किंवा त्याच्या बेल्टचा. अशा गाडीत कितीही नवी बॅटरी टाकली तरी ती उतरणारच.

तिन्ही आकडे बरोबर असूनही सेल्फ मंद फिरत असेल, तर ओहमचा नियम आठवावा. सेल्फची मोटर सहज १५० अँपिअर प्रवाह ओढते. टर्मिनलवर साचलेल्या पांढऱ्या-हिरवट भुकटीमुळे वाटेत ओहमचा अवघा शंभरावा भाग विरोध वाढला, तरी दीड व्होल्ट तिथेच खर्च होतो. वायरा सोडवून, खाण्याचा सोडा घातलेल्या गरम पाण्याने टर्मिनल धुऊन, कोरडे करून घट्ट बसवले की बहुतेक वेळा काम होते. वायरा सोडवताना आधी ऋण टोक सोडवावे आणि जोडताना ते शेवटी जोडावे. इंजिनाला बॉडीशी जोडणारी अर्थची पट्टीही याच वेळी तपासावी.

मिसिंग शोधण्याचा प्रयोग

गाडी मिसिंग करते, पिकअप घेत नाही, चेक इंजिनचा दिवा लुकलुकतो. असे झाले की बहुतेकदा प्लग, कॉइल आणि इंजेक्टर एकदमच बदलले जातात. दोष गेला तरी तो कशाने गेला हे कळत नाही. २०१० नंतरच्या बहुतेक गाड्यांत डॅशबोर्डखाली एक सॉकेट असते. त्याला स्कॅनर जोडला की संगणकाने नोंदवलेला कोड मिळतो. पी०३०१ म्हणजे पहिल्या सिलिंडरमध्ये इंधन नीट पेटत नाही. का पेटत नाही, हे कोड सांगत नाही.

पुढचे काम प्रयोगाचे आहे. प्रत्येक प्लगला स्वतंत्र कॉइल असलेल्या इंजिनात पहिल्या आणि दुसऱ्या सिलिंडरच्या कॉइलची अदलाबदल करावी, कोड पुसावा आणि गाडी फिरवून पुन्हा वाचावा. आता पी०३०२ आला, तर दोष कॉइलबरोबर सरकला, म्हणजे कॉइल खराब. पी०३०१ च राहिला, तर कॉइल निर्दोष. मग प्लगची अदलाबदल, त्यानंतर इंजेक्टर आणि शेवटी कॉम्प्रेशनची तपासणी. एका वेळी एकच गोष्ट बदलायची आणि परिणाम पाहायचा, ही प्रयोगशाळेची रीत गॅरेजातही तितकीच चालते.

उसाचे इंधन, जुने रबर

लोणीला १९५०-५१ मध्ये सहकारी साखर कारखान्याचे गाळप सुरू झाले आणि प्रवरेच्या खोऱ्याचे अर्थकारण बदलले. आज उसापासून होणारे इथेनॉल पेट्रोलमध्ये २० टक्क्यांपर्यंत मिसळले जाते. शेतकऱ्याच्या दृष्टीने ही चांगली घडामोड आहे. जुन्या गाडीच्या मालकाने मात्र तिचे रसायनशास्त्र समजून घ्यावे. एक लिटर इथेनॉलमध्ये एक लिटर पेट्रोलच्या साधारण दोन तृतीयांश ऊर्जा असते. त्यामुळे २० टक्के मिश्रणात ऊर्जा सहा-सात टक्क्यांनी कमी भरते. अ‍ॅव्हरेज थोडे घटले म्हणून लगेच इंजिन खोलायची गरज नाही.

इथेनॉलला जळायला हवाही कमी लागते. इंजेक्शनच्या गाडीत ऑक्सिजन सेन्सर धुरातला उरलेला ऑक्सिजन ओळखतो आणि संगणक पेट्रोल वाढवून मिश्रण सावरतो. पण सेन्सर म्हातारा झाला असेल, तर हे सावरणे चुकते. याशिवाय इथेनॉल काही प्रकारच्या रबराला फुगवते, कडक करते आणि टाकीत साचलेला मळ सोडवून फिल्टरकडे पाठवते. पंधरा वर्षांच्या गाडीत पेट्रोलचे होज पाइप, ओ-रिंग आणि फिल्टर एकदा तपासून घ्यावेतच. गाडीजवळ पेट्रोलचा वास आला, तर ती चालवू नये. हे काम घरी न करता मिस्त्रीकडूनच करून घ्यावे.

घाट आणि ब्रेक ऑइल

ब्रेक ऑइल हवेतले बाष्प शोषते. डॉट-४ प्रतीचे नवे ऑइल किमान २३० अंशांपर्यंत उकळू नये असे मानक सांगते. त्यात सुमारे पावणेचार टक्के पाणी मिसळल्यावर ही किमान मर्यादा १५५ अंशांवर येते. आता घाटाचा हिशेब करू. माणसांसह बाराशे किलोची गाडी तीनशे मीटर उतरली, तर सुमारे ३५ लाख ज्यूल ऊर्जा कुठेतरी जायला हवी. एवढ्या ऊर्जेत अकरा लिटर पाणी उकळीला येईल. सगळा उतार ब्रेकवर पाय ठेवून उतरलात, तर तिचा मोठा वाटा डिस्क आणि ड्रममध्ये उतरतो. ऑइलमध्ये वाफेचे बुडबुडे झाले की पेडल स्पंजासारखे खाली जाते, कारण वाफ दाबली जाते, द्रव दाबला जात नाही. माळशेज उतरताना गाडी खालच्या गिअरमध्ये ठेवावी, म्हणजे ती इंजिनाच्या विरोधावर उतरते. ब्रेक ऑइल साधारण दोन वर्षांनी बदलावे, गाडी कमी चालली असली तरी.

निदानाची किंमत

हे सारे चांगल्या मिस्त्रीला माहीत असते. अडचण आपल्या व्यवहारात आहे. आपण भागाचे पैसे देतो, बसवण्याची मजुरी देतो. पण तासभर मीटर लावून, कॉइल अदलून-बदलून ‘बॅटरी चांगली आहे, फक्त टर्मिनल साफ करा’ असे सांगणाऱ्याला काय देतो? बहुतेकदा काहीच नाही. मग भाग बदलून पाहणे हाच त्याच्यासाठी परवडणारा मार्ग उरतो आणि त्याचा खर्च आपल्याच खिशातून जातो. डॉक्टरकडे तपासणीची फी आपण कुरकुर न करता देतो. औद्योगिक प्रशिक्षण संस्थेत शिकलेल्या किंवा वीस वर्षे हात काळे केलेल्या माणसाच्या निदानालाही तशीच फी असावी आणि ती आधी ठरवावी.

मालकाचा वाटा म्हणजे एक वही. तारीख, किलोमीटर, बॅटरीचे व्होल्ट, कूलंटची पातळी, बदललेला भाग, आणि तक्रार सुरू झाली तेव्हा गाडी उभी होती की पळत होती, घाटात होती की सपाटीवर, एवढे लिहावे. एका दिवसाचा आकडा फार थोडे सांगतो. वर्षभराचे आकडे ओळीने पाहिले, तर कोणता भाग किती वेगाने झिजतो आहे ते स्पष्ट होते आणि गाडी ठेवायची की काढायची, हे त्या आकड्यांवरून ठरवता येते. मार्च उजाडण्याआधी ही वही घेऊन मिस्त्रीकडे जा, एक तास निदानासाठी मागा आणि त्या तासाचे पैसे द्या.