उमजलेलं गाणं

‘‘ताई, अगदी रेकॉर्डसारखं झालं हो!’’ आमच्या वाशिंदला गाण्याच्या कार्यक्रमानंतर मिळणारी ही सगळ्यात मोठी दाद. नवरात्रात देवीपुढे गा, कोजागरीला सोसायटीच्या गच्चीवर गा, नाहीतर कुणाच्या साठीशांतीला गा. चपला शोधताना दोघीतिघी थांबवून हेच सांगणार. म्हणणारीच्या मनात कौतुकच असतं, त्यात शंका नाही. मीही ते वर्षानुवर्षं ऐकत आले आणि सुखावत आले. पण या वाक्यात गाणारीच्या वाट्याला काय येतं? रेकॉर्ड चांगली आहे आणि तुम्ही मध्ये आला नाहीत, एवढंच ना!

दुसऱ्याचं गाणं आपण म्हणायचं, याला हल्ली ‘कव्हर’ म्हणतात. माझ्याकडे पेटी शिकायला येणारी दहावीतली एक मुलगी पहिल्यांदा म्हणाली, ‘‘बाई, मला एक कव्हर करायचंय,’’ तेव्हा मी तिला ‘पेटीची खोळ उसवली का गं?’ असं विचारलं होतं. शब्द नवा आहे, काम मात्र फार जुनं. आपलं अख्खं संगीत नाटक दुसऱ्याच्या चालींवर उभं राहिलंय. अण्णासाहेब किर्लोस्करांची ‘शाकुंतल’ (१८८०), ‘सौभद्र’ (१८८२) यांची जुनी पुस्तकं मिळाली तर बघा. पदाच्या डोक्यावर ‘चाल’ असं लिहून, लोकांच्या ओठावरच्या कुठल्या गाण्यासारखं ते म्हणायचं, हे सांगितलेलं असायचं. ‘एकच प्याला’ १९१९ साली रंगभूमीवर आलं तेव्हा गडकरी हयात नव्हते. पदं लिहिली विठ्ठल सीताराम गुर्जरांनी, आणि चाली देण्यात सुंदराबाई जाधवांचा मोठा वाटा होता. म्हणजे बैठकीत गाणाऱ्या एका बाईच्या गळ्यातला रंग सिंधूच्या पदांत आला, सिंधू होऊन ती पदं गायला एक पुरुष उभा राहिला, बालगंधर्व, आणि मग ग्रामोफोनवरून ती पुन्हा घराघरांतल्या बायकांनी उचलली! यातलं ‘ओरिजिनल’ कुणाचं म्हणायचं?

आणि ज्या रेकॉर्डला आपण मूळ मानतो, तीही पूर्ण गाणं नसते. त्या काळच्या ७८च्या तबकडीच्या एका बाजूला साधारण तीन मिनिटं मावायची. रंगमंचावर तेच पद ‘वन्स मोअर’ घेत कितीतरी वेळ चालायचं. साथीला तिरखवाँचा तबला, कादरबक्षांची सारंगी. ते सगळं आवळून तीन मिनिटांत बसवलेलं, ते आपलं ‘मूळ’. ‘गीतरामायणा’चंही तसंच. १९५५-५६ मध्ये पुणे आकाशवाणीवरून ती ५६ गीतं पहिल्यांदा ऐकवली गेली, तेव्हा माणिक वर्मा, वसंतराव देशपांडे, ललिता फडके, मालती पांडे अशा कितीतरी गळ्यांत ती वाटलेली होती. पुढे सुधीर फडके एकटेच सगळी गीतं गात गावोगाव फिरले, आणि आज ‘गीतरामायण’ म्हटलं की बाबूजींचाच आवाज कानात येतो. संगीतकारानेच, पण दुसऱ्यांदा गायलेलं, तेच लोकांना पहिलं वाटतं.

हे सगळं मला पूर्वीपासून ठाऊक होतं. माझ्यावर वेळ आली सहा वर्षांपूर्वी. थायरॉइडची गाठ काढावी लागली. स्वरयंत्राकडे जाणाऱ्या नसा या ग्रंथीला अगदी चिकटून असतात. ऑपरेशन नीट झालं, गाठ साधी निघाली, घरच्यांनी पेढे वाटले. बोलण्याचा आवाजही महिन्याभरात परत आला. गाण्याचा मात्र आला नाही. काळी पाचमध्ये गाणारी मी सफेद पाचवर आले, आणि तिथेही तार गंधाराच्या पुढे नुसती हवा. स्पीच थेरपी केली, सकाळचा खर्ज केला. डॉक्टर म्हणाले, ‘‘बाई, बोलताय ना छान?’’ त्यांच्या दृष्टीनं बरोबरच होतं. पण ज्या बाईची गावातली ओळखच ‘रेकॉर्डसारखं गाते ती’ अशी आहे, तिनं काय करायचं? रेकॉर्डसारखं होणं आता शक्यच नव्हतं. दोन नवरात्रं मी नुसती पेटी धरली. विचारलं की ‘घसा बसलाय’ म्हणून सांगायचं.

घशाच्या शस्त्रक्रियेनंतर गंगूबाई हनगलांचा आवाज कसा भारदस्त, जवळजवळ पुरुषी झाला, आणि त्याच आवाजात त्या आयुष्यभर कशा गायल्या, हे मला एकूण एक हितचिंतकानं सांगून झालं. अहो, पण त्या गंगूबाई होत्या! धीर देणाऱ्या गोष्टी नेहमी थोरामोठ्यांच्याच का असतात, कोण जाणे.

मला उपयोग झाला तो एका नावाचा. कल्याणला दोन शिकवण्या होत्या, त्यासाठी कसारा लोकलनं जाणं-येणं. एकदा परतीच्या गाडीत कानात कुमार गंधर्वांचं ‘मला उमजलेले बालगंधर्व’ लावलं होतं. पूर्वीही ऐकलेलं होतं, पण खरं सांगायचं तर फार आवडलेलं नव्हतं. आमच्या घरात बालगंधर्व म्हणजे दैवत. त्यांच्या त्या लडिवाळ, एकातून एक उलगडत जाणाऱ्या जागा कुठे, आणि कुमारांचं ते मध्येच झेप घेणं, मध्येच अगदी कुजबुजीवर येणं कुठे. पण त्या दिवशी शब्दच डोक्यात बसला, ‘उमजलेले’. कुमारांनी हा कार्यक्रम केला १९६५ साली. बालगंधर्व तेव्हा हयात होते. ते गेले १९६७ मध्ये. रसिकांच्या कानात अजून ताजा असलेला आवाज, त्याचीच पदं घेऊन बसायचं, आणि वर म्हणायचं ‘मला उमजलेले’! त्यात नम्रताही आली आणि हिंमतही.

हे कोणी म्हणावं? तर लहानपणी मोठमोठ्या गवयांच्या रेकॉर्डी जशाच्या तशा गाऊन दाखवायचे म्हणून ज्यांचं नाव झालं, त्या मुलानं. नकलेत त्यांचा हात धरणारं कुणी नव्हतं. पुढे देवधर मास्तरांकडे तालीम झाली, आणि १९४८ पासून देवासला क्षयानं अंथरुणाला खिळले. पाचेक वर्षं गाणं बंद. फुप्फुस अधू झालेलं. लांब दमाचं गाणं आता व्हायचं नव्हतं. त्या अंथरुणावर त्यांच्या कानावर पडत होती ती माळव्यातल्या बायकांची गाणी. ती त्यांनी टिपली, त्यातून नवे राग काढले. परत गायला लागले तेव्हा त्यांचे छोटे छोटे, जोरकस तुकडे घेणं हीच त्यांची ओळख झाली. श्वास पुरेना म्हणून गाणं तोडलं असं ऐकणाऱ्याला कुठेच वाटत नाही. गाणं तसंच असावं, असं वाटतं.

मी घरी येऊन वही काढली. ‘स्वयंवर’मधलं रुक्मिणीचं एक पद घेतलं, जे मी पंचवीसेक वर्षं गात होते. खाडिलकरांचं १९१६चं नाटक, संगीत भास्करबुवा बखल्यांचं. पहिल्यांदा ठरवलं, पंधरा दिवस रेकॉर्ड ऐकायची नाही. हे फार अवघड जातं बरं का. रेकॉर्ड कानात वाजतच असते. मग चाल बाजूला ठेवून शब्द नुसते वाचले, मोठ्यानं, बातम्या वाचाव्या तसे. पंचवीस वर्षांत हे मी केलं नव्हतं, कारण शब्द नेहमी चालीतूनच भेटले होते. वाचताना जाणवलं की बोलणारी मुलगी आहे, कोवळी, हरखून गेलेली. आणि गाणारी मी, चोपन्न वर्षांची, सून आलेली. मी ती होऊ शकत नाही. पण ती एके काळी होते ना! तेव्हा हे आठवून सांगणाऱ्या बाईचं गाणं करायचं, असं ठरवलं. लय आपोआप उतरली.

मग हात घातला जागांना. एखादी मुरकी, एखादी हरकत मी घेत होते ती केवळ रेकॉर्डमध्ये आहे म्हणून. त्या एकेक काढून पाहिल्या. कुठली काढली की पद कोसळतं आणि कुठली काढली तरी उभं राहतं, हे गाऊनच कळतं. चालीचा कणा बुवांचा. तो हलवायचा नाही, सम तिथेच यायला हवी. पण वरच्या षड्जाला लटकून राहण्याची एक जागा होती, तिथून मला खाली ढकलल्यासारखं व्हायचं. तिथे मी अलीकडे, पंचमावर थांबून शब्द नुसता बोलल्यासारखा सोडला. माझ्या मुलीला ऐकवलं तर म्हणाली, ‘‘आई, मला पहिल्यांदाच कळलं ती काय म्हणतेय ते.’’ ही दाद मला आजवर मिळालेली नव्हती.

त्या वर्षी कोजागरीला गायले. साथीला शहापूरचा एक तबलजी पोरगा, त्याला आधीच सांगितलं होतं, ‘‘अरे, धावायचं नाही. मी थांबले की तूही थांब.’’ गाणं झालं. टाळ्या पडल्या, पण नेहमीपेक्षा जरा उशिरा. शेजारच्या काकू, वय वर्षं ऐंशी, बालगंधर्वांच्या रेकॉर्डींवर वाढलेल्या, त्यांनी स्पष्टच सांगितलं, ‘‘छान म्हटलंस, पण हे बालगंधर्वांचं नाही वाटलं गं.’’ मला वाईट वाटलं. खोटं कशाला सांगू? आणि त्यांचं चुकलं असंही मी म्हणणार नाही. त्यांना त्यांचं तरुणपण ऐकायचं होतं, ते मी दिलं नाही. दुसऱ्याचं गाणं आपलं करताना कुणाचं तरी काहीतरी हिरावलं जातं, हे धरूनच चालावं लागतं. चार दिवसांनी त्याच काकू वाटीत खीर घेऊन आल्या आणि ‘‘परवाचं ते पुन्हा म्हण जरा,’’ म्हणून बसल्या. आवडलं की नाही, ते काही बोलल्या नाहीत. पुन्हा ऐकलं मात्र पूर्ण.

आता माझ्याकडच्या त्या दहावीतल्या मुलीचं. तिला स्पर्धेत गायचंय. टीव्हीवरच्या गाण्याच्या कार्यक्रमांनी एक झालं, घराघरांत मुलं जुनी गाणी गायला लागली. २००८-०९ मधलं ‘सारेगमप’चं लिटिल चॅम्प्स आमच्या वाशिंदमध्येही रस्ते ओस पाडायचं. त्यात जिंकली ती आळंदीची कार्तिकी गायकवाड, अभंग-गवळणींच्या घरात वाढलेली. तिचा आवाज कुणाच्या रेकॉर्डसारखा नव्हताच, आणि ते तिला आडवं आलं नाही. हे मी पालकांना आवर्जून सांगते. पण स्पर्धेच्या ठिकाणी परीक्षक ‘मूळ जागा सुटली’ म्हणून गुण कापतात, हेही खरं. मग मुलीला काय शिकवायचं? मी म्हणते, आधी जसंच्या तसं बसव, पूर्ण, श्वासासकट. ते आल्याशिवाय मोडायची भाषा नको. ज्याला नक्कल जमत नाही त्यानं ‘मी माझ्या पद्धतीनं गातो’ म्हणणं, याला माझ्या लेखी अर्थ नाही. त्यानंतर पट्टी तुझी. ती लताबाईंची नको, तुझ्या गळ्याची. आणि गाण्याआधी कवीचं आणि संगीतकाराचं नाव घ्यायचं, विसरायचं नाही.

नाव घेण्यावरून आठवलं. तिला ते गाणं ध्वनिमुद्रित करून सगळ्यांना ऐकवायचंय. तिथे कायदा येतो. आपल्या स्वामित्वहक्क कायद्यात २०१२ साली दुरुस्ती झाली. तिच्यानुसार पहिलं ध्वनिमुद्रण झालं ते वर्ष संपल्यावर पाच वर्षं गेल्याशिवाय कव्हर ध्वनिमुद्रण करता येत नाही. हक्कदारांना आधी कळवावं लागतं, रॉयल्टी आगाऊ भरावी लागते आणि हे कव्हर आहे असं स्पष्ट लिहावं लागतं. ऐंशीच्या दशकात स्वस्तात मिळणाऱ्या ‘दुसऱ्या आवाजातल्या’ कॅसेटी आठवतात का? तेव्हाचे नियम बरेच सैल होते. ‘स्वयंवर’च्या शब्दांना आता ही अडचण नाही. खाडिलकर १९४८ मध्ये गेले आणि लेखकामागे साठ वर्षांनी हक्क संपतो. आणि धार्मिक विधी, लग्नाची वरात यांना कायद्यानं मोकळीक आहे, तेव्हा भजनी मंडळांनी घाबरून टाळ खाली ठेवू नयेत!

गंमत म्हणजे बायकांच्या गाण्यात हा प्रश्न कधी नव्हताच. जात्यावरच्या ओव्या घ्या. हेमा राईरकर आणि गी पॉइटवँ यांनी महाराष्ट्रातल्या गावागावांतून एक लाखाहून जास्त ओव्या गोळा केल्या. ओळ तीच फिरत असते, पण प्रत्येकीनं त्यात आपल्या भावाचं, आपल्या लेकीचं नाव घातलेलं असतं, आपल्या सासरचा डोंगर घातलेला असतो. आमच्या पट्ट्यातल्या आगरी लग्नांत धवलारीण धवले गाते, त्यातही समोरच्या घरातल्या माणसांची नावं येतात. मागे एका लग्नात मी अशाच एका आजीबाईंना विचारलं होतं, ‘‘आजी, हे कुणाचं गाणं?’’ त्यांनी माझ्याकडे जरा नवलानं पाहिलं. म्हणाल्या, ‘‘आज हिचा. उद्या दुसरे घरी जायाचाय.’’ आणि नवरीच्या मामाचं नाव काय, ते मलाच विचारून घेतलं.