मोरपंखी उन्हाने नाही, पाण्याने मरते

श्रीरामपुरात नव्या बंगल्याच्या फाटकाशी मोरपंखीची जोडी हटकून दिसते. हिचीच डहाळी शाळकरी मुलं ‘विद्या’ म्हणून पुस्तकात जपतात. तरी तिच्याविषयी अज्ञानच फार.

‘बुटकी जात आहे, एवढीच राहील,’ हे ऐकून लोक ती भिंतीला खेटून लावतात. बुटकी जात वाढायची थांबत नाही, सावकाश वाढते. अमेरिकन कॉनिफर सोसायटीच्या वर्गवारीत वर्षाला सुमारे 2.5 ते 15 सेंटिमीटर वाढणारं झाड बुटकं धरतात. म्हणजे 10 वर्षांत ते दीड मीटरपर्यंतही जाऊ शकतं. मूळची चीनकडची साधी मोरपंखी तर 15 मीटरही गाठते. ‘ऑरिया नाना’सारखी गोल, सोनेरी झाक असलेली जात छाट कलमानेच टिकते. तिचं बी पेरलं तर रोप आईसारखं निघेलच असं नाही. म्हणून घेताना रोप कलमाचं की बियांचं, हे विचारावं.

‘एवढाच राहील’ म्हणून आणलेल्या कुंडीतल्या ‘ख्रिसमस ट्री’ची गत तीच. तो पाइन नव्हे, अरौकेरिया. आपल्या मायभूमीत, नॉरफोक बेटावर, 50 मीटर उंच होणारा. विजेच्या तारांखाली त्याचं काय काम?

‘हे थंड हवेचं झाड, आपल्या उन्हात जळणारच,’ हा आणखी एक समज. मोरपंखी ऊन सोसते, चुनखडीची जमीनही सोसते. तिला सोसत नाही ते तुंबलेलं पाणी. 1926 मध्ये भंडारदरा धरण पुरं झालं, प्रवरेच्या पाटपाण्यावर ऊस बहरला आणि इथल्या निचरा नसलेल्या काळ्या जमिनी चिबड, क्षारपड होत गेल्या. अशा मातीत खड्डा खणून भुसभुशीत माती भरली की तो हौदासारखा पाणी धरतो आणि मुळं कुजतात. वरून झाड सुकलेलं दिसतं, म्हणून मालक आणखी पाणी घालतो! त्यापेक्षा मुरूम आणि शेणखत मिसळलेल्या मातीचा फूटभर उंच वाफा करावा.

आतली जुनी पानं तपकिरी होऊन गळणं स्वाभाविक आहे. सदाहरित झाडही पानं बदलतं. उन्हाळ्यात बाहेरची पालवी निस्तेज झाली, तर मात्र फांदी पांढऱ्या कागदावर झटकावी. ठिपके चालू लागले तर ते कोळी. पानांवर पाण्याचा जोरदार फवारा मारला की ते बरेच कमी होतात.

आणि मेंदीच्या कुंपणासारखी खोल छाटणी नको. पानं नसलेल्या जुन्या लाकडाला मोरपंखी सहसा फुटत नाही, पडलेलं भगदाड तसंच राहतं. कात्री हिरव्या भागापुरतीच चालवावी.

राहुरीचं महात्मा फुले कृषी विद्यापीठ जवळच आहे. जोडी आणण्याआधी अंगणातल्या मातीचा सामू आणि क्षार तपासून घ्यावेत.