गोठलेल्या कोंबडीचा बर्फ उतरवताना

गोठवलेली कोंबडी फ्रीझरमधून काढल्यापासून कढईत पडेपर्यंतचा काळ स्वयंपाकात सहसा कोणी मोजत नाही. मसाला किती वेळ परतायचा, रस्सा किती आटवायचा, याची घरोघर मापे ठरलेली असतात. बर्फ उतरवणे मात्र ‘काढून ठेवली की होते’ या सदरात जाते. खरे तर चिकनमुळे होणारी पोटाची दुखणी बऱ्याचदा याच वेळात रुजतात. उणे १८ अंश सेल्सिअसला मांसावरचे जंतू वाढत नाहीत, पण सगळे मरतही नाहीत. सॅल्मोनेला थंडीत नुसता थांबून राहतो आणि ऊब मिळाली की पुन्हा कामाला लागतो. त्यामुळे फ्रीझरमध्ये जाताना कोंबडी जितकी स्वच्छ होती, बाहेर येताना ती फार तर तितकीच स्वच्छ असते.

कोंबडीच्या मांसात ७० ते ७५ टक्के पाणी असते. शून्य अंशावरचा एक किलो बर्फ नुसता वितळवायला जेवढी उष्णता लागते, तेवढ्यात तेच पाणी शून्यापासून ८० अंशांपर्यंत तापले असते. एवढी उष्णता बाहेरून आत पोचायला वेळ लागणारच. त्यात आणखी एक अडचण आहे. बर्फातून उष्णता जितकी सहज जाते, त्याच्या साधारण एक चतुर्थांशच वेगाने ती पाण्यातून जाते. गोठताना बाहेरचा थर बर्फाचा होतो आणि आतली उष्णता भराभर बाहेर येऊ शकते. वितळताना उलटे होते. बाहेरचा थर मऊ व पाणीदार होतो आणि तोच आतल्या बर्फाची राखण करतो. म्हणून कोंबडी गोठायला लागते त्यापेक्षा वितळायला जास्त वेळ लागतो, आणि त्या सगळ्या वेळात पोटाशी बर्फाचा गोळा असूनही कातडी खोलीइतकी गरम झालेली असू शकते. घरात बोट लावून पाहतात ते मधल्या बर्फाला. घड्याळ लावायला हवे ते कातडीला.

हे घड्याळ माळव्यातल्या मराठी घरांत लावून पाहू. धार आणि देवास ही पवारांची पूर्वीची संस्थाने. देवासच्या तर थोरली पाती आणि धाकटी पाती अशा दोन गाद्या होत्या. अठराव्या शतकात मराठी फौजांबरोबर माळव्यात आलेली घराणी आणि त्यांच्या मागोमाग आलेले कारकून, वैद्य, शिक्षक यांची कुटुंबे इथे आजही मराठी बोलतात. सामिष खाणाऱ्या घरांत मान मटणाचा. कोंबडी घ्यायची तर दुकानात समोर कापून. गोठवलेले पाकीट हे फ्रीजबरोबर आलेले नवे प्रकरण. इंदूर जवळ असल्यामुळे ते आता सहज मिळते, आणि ताजी आणलेली कोंबडी अर्धी शिजवून अर्धी फ्रीझरमध्ये टाकण्याची पद्धतही चांगलीच रुळली आहे. त्याला पंचांगाचाही थोडा हातभार असावा. उत्तरेकडच्या गणनेत सावन गुरुपौर्णिमेच्या दुसऱ्या दिवशी लागतो, मराठी घरातला श्रावण दिव्यांच्या अवसेनंतर. मधल्या पंधरवड्यात शेजार सोवळ्यात आणि आपले घर अजून आषाढात. अशा वेळी फ्रीझरमधला साठा सोयीचा वाटला तर नवल नाही.

माळव्यातल्या रात्री थंड म्हणून नावाजलेल्या आहेत, आणि रात्री कोंबडी ओट्यावर काढून ठेवून सकाळी शिजवायची सवय त्या थंडीच्या भरवशावर टिकून आहे. हा भरवसा फसवा आहे. जानेवारीत बाहेर १० अंशांच्या आसपास थंडी असली तरी दार-खिडक्या लावलेले स्वयंपाकघर तेवढे गार नसते, आणि मे महिन्यात तर रात्रीही ओटा कोमट असतो. जंतूंच्या वाढीचा धोक्याचा पट्टा साधारण ५ ते ६० अंशांचा धरतात. कच्चे मांस या पट्ट्यात दोन तासांपेक्षा जास्त राहू नये. हवा ३२ अंशांच्या वर असेल तर एका तासापेक्षा जास्त नाही. मेमध्ये दुपारी देवासला पारा चाळिशीच्या पुढे जातो. तिथे ही एका तासाची मुदत कोंबडीचे कोपरे मऊ होईपर्यंतच संपते.

‘पुढे उकळतेच ना, सगळे मरते’ हे त्यावरचे नेहमीचे उत्तर. ते अर्धेच खरे आहे. उकळीने सॅल्मोनेला मरतो. पण स्टॅफिलोकॉकस नावाचे जंतू उबेत वाढताना जे विष तयार करतात, ते उकळीलाही दाद देत नाही. जंतू मेले तरी विष रश्श्यात उरते. काही जंतूंची बीजे तर शिजवण्यातून सहीसलामत सुटतात आणि रस्सा कोमट होत आला की पुन्हा रुजतात. हळद-मीठ चोळून ठेवल्यानेही हे थांबत नाही. त्याने चव मुरते, सुरक्षितता येत नाही.

सर्वांत भरवशाची जागा म्हणजे फ्रीजचा खालचा भाग, पाच अंश किंवा त्याहून थंड. अडीच किलोपर्यंतच्या पक्ष्याला तिथे साधारण २४ तास लागतात. बाजारात मिळणारी किलोभराची सबंध कोंबडी आदल्या संध्याकाळी ठेवली तर दुसऱ्या दिवशी दुपारपर्यंत तयार होते. सुटे गोठवलेले तुकडे रात्रीत मोकळे होतात, पण घरी पिशवीत कोंबून गोठवलेला तुकड्यांचा गठ्ठा सबंध कोंबडीइतकाच हट्टी असतो. म्हणून गोठवतानाच पिशवी चपटी करावी, दोन बोटांच्या जाडीची. पुढचा निम्मा त्रास तिथेच वाचतो.

एका दाराच्या फ्रीजमध्ये ठेवण्याची जागा नीट निवडावी लागते. फ्रीझरच्या लगेच खाली जो ट्रे असतो, त्यात कोंबडी ठेवली तर ती दुसऱ्या दिवशीही दगडच राहते, कारण तिथे तापमान शून्याच्या जवळ असते. सर्वांत खालचा रॅक बरा. मात्र त्याच्या खाली भाजीचा खण असतो. पाकिटाला एक बारीक भोक असले तरी रात्रभरात गुलाबी पाणी ठिबकते, जाळीतून खाली जाते आणि कोथिंबिरीच्या जुडीवर पडते. चिकन पुढे शिजणार असते. कोथिंबीर मात्र वरून कच्चीच भुरभुरली जाते. त्यासाठी पाकीट खोल पातेल्यात ठेवायचे, ताटलीत नाही. ताटलीतले पाणी दार उघडताना हिंदकळते.

सकाळी पातेले बाहेर काढले की तळाशी दोन-तीन चमचे पाणी साचलेले दिसते. त्याला रक्त म्हणतात, पण ते रक्त नव्हे. गोठताना पेशींमध्ये बर्फाचे स्फटिक होतात आणि ते पेशींची आवरणे फोडतात. वितळल्यावर पेशींतले पाणी आणि मांसाचा रंगद्रव्य-प्रथिनांचा अंश बाहेर झिरपतो. घरच्या फ्रीझरमध्ये सावकाश गोठलेल्या कोंबडीत स्फटिक मोठे होतात, म्हणून तिला जास्त पाणी सुटते आणि शिजल्यावर ती थोडी कोरडी लागते. कातडी आता लवचिक झालेली असते, तंगडी सांध्यात हलते. तरी पोटाच्या पोकळीत बोट घालून पाहावे. कलेजी, पोटा, मान यांची छोटी पिशवी काही वेळा आतच असते आणि ती सर्वांत शेवटी सुटते. तिच्याभोवती बर्फाची खरखर लागली तर काम अजून बाकी आहे.

वेळ नसेल तेव्हा थंड पाणी. हवेपेक्षा पाणी उष्णता कितीतरी भराभर पोचवते, म्हणून अर्धा किलोचे पाकीट तासाभरात आणि सव्वा-दीड किलोची कोंबडी दोन-तीन तासांत सुटते. पिशवी पाणी न शिरणारी हवी, कोंबडी पूर्ण बुडलेली हवी, आणि पाणी दर अर्ध्या तासाने बदलायला हवे. वितळल्यावर लगेच शिजवायची. या पद्धतीत पुन्हा फ्रीजमध्ये ठेवून उद्यावर ढकलणे नाही. गरम पाणी तर कधीच नाही. त्याने कातडी शिजल्यासारखी पांढरी पडते आणि आतला गोळा तसाच राहतो.

पण ‘थंड पाणी’ म्हणजे किती थंड? २१ अंशांच्या वर जाऊ नये. इथे धार-देवासचा उन्हाळा आडवा येतो. गच्चीवरच्या काळ्या टाकीतून मेच्या दुपारी नळाला येणारे पाणी हाताला चटका देते. त्यात कोंबडी बुडवणे म्हणजे तिला उबवणीला घालणे. पहाटेचे पाणी त्यातल्या त्यात बरे, माठातले त्याहून बरे, आणि त्यात फ्रीझरमधला बर्फाचा एक ट्रे टाकला की काम होते. डिसेंबर-जानेवारीत मात्र नळाचे पाणी जसेच्या तसे चालते. परदेशी पाकक्रियांच्या पुस्तकांत वाहत्या नळाखाली धरण्याचा पर्यायही असतो. देवासला तो सुचवणे धाडसाचे ठरेल: १९९० मध्ये या शहराला इंदूरहून आगगाडीने पाणी आणावे लागले होते. बादलीत बदललेले पाणी मोरी धुवायला तरी उपयोगी पडते.

मायक्रोवेव्हबद्दल थोडक्यात. ही लहर बर्फापेक्षा पाणी फार चटकन तापवते. त्यामुळे एखादा कोपरा आधी वितळला की तोच तापत जातो. पंखाचे टोक शिजते आणि छाती गोठलेलीच राहते. कमी शक्तीवर, मध्ये थांबून, तुकडे उलटत हे करावे आणि बाहेर काढताच कढईत टाकावे. हॉटेल-खाणावळींसाठी भारतीय अन्नसुरक्षा आणि मानके प्राधिकरणाची अपेक्षाही अशीच कडक आहे: कोंबडी, मटण, मासे पाच अंशांखालच्या फ्रीजमध्ये किंवा मायक्रोवेव्हमध्ये वितळवायचे, आणि एकदा वितळलेले पुढच्या वेळेसाठी ठेवायचे नाही.

वितळवण्याची पायरीच गाळता येते, हे कमी लोकांना माहीत असते. सुटे तुकडे गोठलेलेच रश्श्यात टाकले तरी चालते. नेहमीपेक्षा दीडपट वेळ धरायचा. तळण्यासाठी हा मार्ग नाही, कारण तेलात बर्फ पडला की तेल उसळते. सबंध कोंबडीसाठीही नाही.

वितळलेली कोंबडी नळाखाली खळखळून धुण्याची सवय मोडणे सर्वांत अवघड. धुतल्याने जंतू जात नाहीत, तुषारांबरोबर ते शेजारच्या धुतलेल्या भांड्यांवर आणि चिरलेल्या कांद्यावर उडतात. घरात सामिषाची भांडी, सुरी, पाट वेगळे ठेवण्याची जुनी रीत इथे आयती कामाला येते. ती सोवळ्यासाठी पडली असेल, पण तिचा फायदा आरोग्यालाही होतो. धुवायचीच असेल तर कोंबडी खोल पातेल्यात पाण्यात बुडवून हाताने हलक्याने चोळावी, पाणी सावकाश मोरीत ओतावे, आणि मग मोरी, नळाची चावी व हात साबणाने धुवावेत. नळाची चावी बहुतेक विसरली जाते.

शिजली की नाही हे रंगावरून ठरवण्याची सवयही गोठवलेल्या कोंबडीत दगा देते. ब्रॉयलर कोवळ्या वयाचा असतो, त्याची हाडे सच्छिद्र असतात. गोठून वितळताना मज्जेतला रंग हाडाबाहेर झिरपतो आणि पूर्ण शिजलेल्या तंगडीतही हाडालगत लालसर काळा डाग राहतो. तो कच्चेपणा नव्हे. उलट प्रश्न कडकनाथ कोंबडीचा. झाबुआच्या कडकनाथ मांसाला २०१८ मध्ये भौगोलिक मानांकन मिळाले. हा पक्षी धारच्या आदिवासी पट्ट्यातही पाळला जातो आणि त्याला कालामासी म्हणतात. त्याची कातडी, मांस, हाडेसुद्धा मेलॅनिनमुळे काळी. त्यात गुलाबी-पांढऱ्याचा भेद दिसतच नाही. मांस शिळे झाल्याचा रंगही त्यावर उमटत नाही, म्हणून वितळल्यावर वास आणि चिकटपणा यांवरच भिस्त. या पक्ष्यात चरबी कमी, मांस चिवट. सावकाश आणि जास्त वेळ शिजवावे लागते, आणि त्यात सुरक्षिततेचे कामही आपोआप होते. इतर कोंबडीसाठी सर्वांत जाड तुकड्याच्या मध्यात ७५ अंश १५ सेकंद, किंवा ७० अंश दोन मिनिटे, हे मोजमाप धरतात. कुकरच्या शिट्टीला हे सहज साधते. तव्यावरच्या जाड छातीच्या तुकड्याला नाही. तिथे काटा टोचणारा तापमापक ठेवलेला बरा.

राहिला बेत बदलल्याचा प्रश्न. फ्रीजमध्ये वितळलेली कच्ची कोंबडी तिथेच आणखी एक-दोन दिवस राहू शकते, आणि पाहुणे आलेच नाहीत तर पुन्हा गोठवताही येते. मांस थोडे आणखी कोरडे होईल, इतकेच. पाण्यात किंवा मायक्रोवेव्हमध्ये वितळलेली कोंबडी आधी शिजवून मगच गोठवावी. वीज गेली तर फ्रीझरचे दार उघडू नये. गच्च भरलेला फ्रीझर बंद दाराने साधारण दोन दिवस थंडी धरतो, अर्धा भरलेला एक दिवस. वीज आल्यावर पाकिटात बर्फाचे कण शिल्लक असतील तर ते पुन्हा गोठू द्यायला हरकत नाही. आपण घरी नसताना काय झाले ते मात्र पाकीटच सांगते: तळाच्या कोपऱ्यात गुलाबी बर्फाची एकसंध वडी जमलेली असेल, तर कोंबडी मध्येच कधीतरी वितळून पुन्हा गोठली आहे. ती किती तास उबेत होती हे कळायला मार्ग नसतो, म्हणून असे पाकीट दुकानात घेऊ नये आणि घरात ठेवू नये.