सूचक, अनुमोदक आणि सह्या

कुठल्याही संस्थेचे हिशेब तपासायला बसले, की मी आधी प्रोसिडिंग बुक मागते. मी सनदी लेखापाल. वाचनालयं, व्यायामशाळा, शिक्षण संस्था, ज्ञाती मंडळं यांचे हिशेब तपासण्यात माझी उमेद गेली. पैसे कुठे गेले हे पावती सांगते. ते का आणि कुणाच्या म्हणण्यावरून गेले, हे ठराव सांगतो. चालू वर्षाचं काम उरकलं की जुनी बुकंही मी आवर्जून काढायला लावते.

एका तालुक्याच्या गावच्या वाचनालयात दुसऱ्या महायुद्धाच्या काळातलं असंच एक बुक आहे. रॉकेलची टंचाई, म्हणून वाचनालय दिवेलागणीला बंद करावं, असा ठराव. लिहिणाऱ्याने सवयीने ‘सर्वानुमते मंजूर’ लिहिलं. मग ‘सर्वानुमते’वर रेघ मारून वर बारीक अक्षरात ‘बहुमताने’ लिहिलं आणि समासात अध्यक्षांनी सही केली. खाली विरोध करणाऱ्या दोघांची नावं आणि त्यांचं म्हणणं : दिवसभर कामावर असणाऱ्यांनी वाचायचं तरी कधी? पुढच्या महिन्याच्या जमाखर्चात त्या दोघांपैकीच एकाच्या नावावर रॉकेलच्या दोन बाटल्या देणगी म्हणून जमा आहेत. त्या गावातलं वाचनाचं वेड मला या दोन नोंदींतून जेवढं कळलं, तेवढं संस्थेच्या शताब्दी स्मरणिकेतूनही कळलं नाही.

हे सरकारी दप्तरात सापडणार नाही. मुंबईत एल्फिन्स्टन कॉलेजच्या इमारतीतलं पुराभिलेखागार आणि पुण्याचं पेशवे दप्तर ही आपली मोठी ठेव आहे. पण सरकार आपल्या कामापुरतं लिहून ठेवतं. मुंबई सरकारने आपल्या दप्तरातून निवडून काढलेल्या स्वातंत्र्यलढ्याच्या साधनांचा पहिला खंड 1957 साली प्रसिद्ध झाला. तो फार मोलाचा आहे, पण त्यातली चळवळ बरीचशी राज्यकर्त्यांच्या आणि पोलिसांच्या नजरेतून दिसते. सभेत कोण काय बोललं हे तिथे मिळेल. सतरंज्या कुणाकडून आणल्या, वर्गणी कुणी दिली, कुणी मागे घेतली, हे संस्थेच्याच कपाटात मिळेल. आजही धर्मादाय आयुक्तांच्या कार्यालयात विश्वस्तांची नावं, बदल अर्ज आणि ताळेबंद पोचतात. सभेतला वाद तिथवर पोचत नाही.

आपल्याकडच्या संस्थांना कागदाची किंमत पहिल्यापासून कळत होती. 2 एप्रिल 1870 रोजी पुण्यात सार्वजनिक सभा स्थापन झाली, तेव्हा सभासद व्हायचं तर निदान पन्नास लोकांचं मुखत्यारपत्र आणावं लागे. सुरुवातीच्या 95 सभासदांमागे सहा हजार लोकांचा पाठिंबा होता. सरकारने ‘तुम्ही कोण?’ असं विचारलं, तर गणेश वासुदेव जोशी, म्हणजे सार्वजनिक काका, आणि त्यांचे सहकारी हे कागद पुढे ठेवू शकत होते. 1876 च्या दुष्काळात सभेने गावोगावची माहिती जमवून सरकारला कळवली आणि 1878 पासून त्रैमासिक काढलं.

त्याच पुण्यात जोतीराव फुल्यांनी 24 सप्टेंबर 1873 रोजी सत्यशोधक समाज स्थापन केला. समाजाच्या तिसऱ्या वार्षिक समारंभाची हकिकत आणि 1877 चं दुष्काळाविषयीचं पत्रक आज फुल्यांच्या समग्र वाङ्मयात वाचता येतं. छापलं म्हणून ते टिकलं. हाताने लिहिलेल्या बुकाची मात्र एकच प्रत असते. ती गेली की गेली.

ठरावात किती ताकद असते, हे महाडने दाखवलं. सार्वजनिक पाणवठे अस्पृश्यांना खुले करावेत, असा सी. के. बोले यांचा ठराव 1923 च्या ऑगस्टमध्ये मुंबई विधिमंडळात मंजूर झाला. महाड नगरपालिकेने 1924 च्या जानेवारीत चवदार तळं खुलं करण्याचा ठराव केला. कागदावरचा तो हक्क बजावायला डॉ. आंबेडकर आणि हजारो माणसं 20 मार्च 1927 रोजी तळ्यावर गेली. ऑगस्टमध्ये नगरपालिकेने तो ठराव मागे घेतला. प्रकरण कोर्टात गेलं आणि 1937 च्या मार्चमध्ये उच्च न्यायालयाने निकाल दिला, की अस्पृश्यांना तळ्यावर मज्जाव करण्याची पुरातन वहिवाट सिद्ध झालेली नाही. महाडची हकिकत सांगताना नगरपालिकेचे ते दोन्ही ठराव सांगावेच लागतात, दिल्याचाही आणि काढून घेतल्याचाही. म्हणून संस्थेने आपले अडचणीचे कागदही ठेवले पाहिजेत. नुसते सत्काराचे फोटो ठेवून इतिहास होत नाही.

प्रत्यक्षात काय होतं, ते मी वारंवार पाहते. कार्यकारी मंडळ बदलतं, रंगरंगोटी निघते, नवीन लोखंडी कपाटं येतात आणि जुनी बुकं ‘मुदत संपली’ म्हणून रद्दीवाल्याकडे जातात. हिशेबतपासणीपुरती मुदत असेलही. गावाच्या आठवणीला मुदत नसते.

जतन करायला फार पैसा लागत नाही. गंजलेल्या टाचण्या आणि स्टेपलच्या पिना हलक्या हाताने काढाव्यात. फाटलेल्या पानाला सेलोटेप लावू नये, लॅमिनेशन तर अजिबात करू नये; एकदा केलं की कागद मोकळा करता येत नाही. गठ्ठे सुती रुमालात बांधून जमिनीपासून उंच ठेवावेत. 2019 च्या पुरात सांगलीत पाणी कुठवर चढलं, ते आठवावं. कसर आणि वाळवीसाठी दर पावसाळ्यानंतर प्रत्येक गठ्ठा सोडून पाहावा. कागद ज्या क्रमाने सापडले तो क्रम मोडू नये, कारण कशाच्या शेजारी काय ठेवलं होतं हीसुद्धा माहितीच असते. काय काय आहे त्याची साधी यादी करावी. स्कॅन जरूर करावं, पण स्कॅन झालं म्हणून मूळ बुक टाकू नये. मोडीतले कागद वाचता येत नाहीत म्हणून बाजूला सारू नयेत. मोडी वाचणारी तरुण मुलं आज तयार होत आहेत.

तुम्ही कुठल्या संस्थेचे सभासद असाल, तर पुढच्या वार्षिक सर्वसाधारण सभेत एवढा एक विषय मांडा : संस्थेची जुनी प्रोसिडिंग बुकं, जमाखर्च आणि पत्रव्यवहार मोजून त्यांची यादी करावी, एका सभासदावर त्यांची जबाबदारी द्यावी आणि अभ्यासकांना ते संस्थेत बसून वाचू द्यावेत. सूचक म्हणून तुमचं नाव लागेल. अनुमोदक आधीच ठरवून ठेवा.