जुन्या बाजारातील शोध : क्रीडाचित्रे आणि इतर जुन्या चिजा



आजचा विषय ऐकून कित्येकांना वाटेल की, व्याख्यानमालेच्या व्यासपीठावर रद्दी आणि भंगार यांची चर्चा कशाला? परंतु ज्या वस्तूला आपण रद्दी म्हणून दाराबाहेर काढतो, तीच पन्नास वर्षांनी एखाद्या संग्रहालयात काचेच्या पेटीत दिसते, ही गोष्ट आपल्या पाहण्यातली आहे. ह्या दोन अवस्थांमध्ये त्या वस्तूचे काय होते, ती कोणाच्या हातून जाते, तिची किंमत कोण ठरवतो आणि साध्या गृहस्थाला थोड्या पैशांत ती कशी मिळवता येते, एवढेच आज मी सांगणार आहे. उदाहरणासाठी मुख्यतः खेळाडूंची छापील चित्रे, म्हणजे ज्यांना ‘स्पोर्ट्‌स कार्डे’ म्हणतात ती, घेतो. कारण जुन्या बाजाराचे सगळे नियम त्या इवल्याशा पुठ्ठ्यात एकत्र पाहावयास मिळतात.

ह्या चित्रांचा जन्म तंबाखूच्या धंद्यात झाला. एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस सिगारेटी कागदी पाकिटांत विकल्या जात. पाकीट चुरगळू नये म्हणून आत पुठ्ठ्याचा एक तुकडा घालीत. तो कोरा कशाला ठेवायचा, म्हणून त्यावर चित्रे छापू लागले. इंग्लंडातील विल्स कंपनीने १८९६ साली पन्नास क्रिकेटपटूंची चित्रमाला काढली. पाकिटात एका वेळी एकच चित्र येई. पन्नास पुरी करायची तर पाकिटे घेत राहणे भाग, आणि एकच चित्र दोनदा आले तर शेजाऱ्याशी अदलाबदल करणेही भाग. विक्रीची ही युक्ती चांगलीच फळली. हिंदुस्थानात गोऱ्या पलटणींत खपणाऱ्या ‘सिझर्स’ छाप सिगारेटींतही चित्रे येत. पुढे दुसऱ्या महायुद्धात, १९४० साली, कागदाच्या टंचाईमुळे इंग्लंडात ही चित्रे बंद झाली. त्यानंतर तंबाखूची जागा चघळण्याच्या गोंदाने, म्हणजे च्युइंगमने, घेतली आणि संग्राहकही बापांऐवजी मुले झाली.

आपल्याकडे ज्यांचे बालपण १९८० नंतरच्या दशकात गेले, त्यांना ‘बिग फन’ बबलगमबरोबर येणारी क्रिकेटपटूंची चित्रे आठवत असतील. त्यांवर धावा नि बळी छापलेले असत आणि मुले ती जमवीत. १९९९ च्या विश्वचषकाच्या वेळी तर बिस्किटांच्या वेष्टनांवर धावा छापल्या गेल्या, आणि घरोघरी पोरे ती कात्रीने कापून जमा करू लागली. ह्या चित्रांचे आणि वेष्टनांचे पुढे काय झाले? बहुतेकांच्या आयांनी ती दिवाळीच्या साफसफाईत टाकून दिली. येथेच किमतीचे पहिले मर्म आहे.

वस्तू जुनी झाली म्हणून मौल्यवान होत नाही. ती पुष्कळांनी टाकून दिली, थोड्यांनी जपली आणि आता पुष्कळांना हवी आहे, ह्या तीन गोष्टी जुळाव्या लागतात. अमेरिकेतील दोन उदाहरणे पाहा. बेसबॉलचा खेळाडू होनस वॅग्नर ह्याचे चित्र १९०९ ते १९११ च्या सुमारास तंबाखूच्या पाकिटांत निघाले, पण त्याने हरकत घेतल्यामुळे त्याची छपाई लवकरच थांबली. त्याच्या मोजक्याच प्रती आज ज्ञात आहेत. त्यांपैकी एक २०२२ साली साडेबहात्तर लक्ष डॉलरांना विकली गेली. दुसरे, मिकी मँटल ह्याचे टॉप्स कंपनीचे १९५२ सालचे चित्र. त्या मालेतील न खपलेली खोकी कंपनीने पुढे समुद्रात नेऊन बुडवली, असे कंपनीच्याच माणसाने सांगून ठेवले आहे. त्याच चित्राच्या एका निर्दोष प्रतीला २०२२ साली एक कोटी सव्वीस लक्ष डॉलर मिळाले.

ही बातमी अमेरिकेत पसरत गेली तसतसे एक नवलच घडले. १९८० नंतरच्या दशकात लोकांनी नवी चित्रे तिजोरीत ठेवावीत तशी जपून ठेवली, आणि कंपन्यांनीही ती बेसुमार छापली. परिणामी त्या वर्षांची बहुतेक चित्रे आज किलोच्या भावाने मिळतात. सर्वांनी जपलेली वस्तू दुर्मीळ होत नसते. ‘मर्यादित आवृत्ती’ असे छापून आलेली नवी वस्तू गुंतवणूक म्हणून घेणाऱ्यांनी हे ध्यानात ठेवावे.

आता आपल्या पवईकरांनी हा शोध कोठे घ्यावा? पहिली जागा आपल्याच गल्लीत आहे. पवई हा मुळात तलाव आणि त्याच्या काठची खेडी यांचा मुलूख. १८९१ च्या सुमारास तलाव झाला, १९५८ साली येथे भारतीय तंत्रज्ञान संस्था आली, आणि पुढे टेकड्या पोखरून उंच इमारती उभ्या राहिल्या. ह्या इमारतींत गिरगाव, दादर, परळ येथली जुनी बिऱ्हाडे मोडून आलेली कुटुंबे पुष्कळ आहेत. घर बदलताना, किंवा घरातील वडील माणूस गेल्यावर, माळ्यावरची पेटी थेट रद्दीवाल्याकडे जाते. म्हणून आपल्या रद्दीवाल्याशी ओळख ठेवणे हे ह्या छंदाचे पहिले पाऊल. त्याला नेमके काय हवे ते सांगून ठेवावे : क्रिकेटची जुनी मासिके, सामन्यांची तिकिटे, धावफलकाच्या छापील पत्रिका, संघांची छायाचित्रे, काडेपेट्यांवरचे छाप. मासिके वजनावर विकणाऱ्या माणसाला एखाद्या कागदासाठी थोडे जास्त मिळाले, तर तो पुढच्या वेळी आपणहून हाक मारतो.

दुसरी जागा म्हणजे भेंडीबाजाराजवळचा चोरबाजार. कांजूरमार्गहून धीम्या गाडीने सँडहर्स्ट रोडला उतरून तेथवर चालत जाता येते. मटण स्ट्रीटवरची दुकाने मुख्यतः फर्निचर, दिवे, ग्रामोफोन, चित्रपटांची भित्तिपत्रके यांची. तेथले दुकानदार जाणते असतात, तेव्हा फार स्वस्ताईची अपेक्षा ठेवू नये. शुक्रवारी मात्र दुकाने बहुधा बंद असतात आणि पहाटेपासून रस्त्यावर ‘जुम्मा बाजार’ भरतो. जमिनीवर पसरलेल्या त्या ढिगांत शोधणाऱ्याचे नशीब उजळण्याचा संभव अधिक. पुण्यात बुधवारी आणि रविवारी जुना बाजार भरतो, त्यालाही हाच न्याय लागू आहे. नियम असा : मांडणी जितकी नीटस, तितका भाव चढा. कागद शोधायचा तर कागदाच्या दुकानात जाण्यापेक्षा भांड्याच्या, घड्याळाच्या किंवा जुन्या ट्रंकांच्या ढिगात पाहावे. ट्रंकेच्या तळाशी अंथरलेला कागद विकणाऱ्याने पाहिलेलाही नसतो.

तिसरा भाग पारखण्याचा. ह्यासाठी साधने तीनच लागतात : दहापट मोठे दाखवणारे भिंग, लहान मोजपट्टी आणि खिशात मावणारा अतिनील दिवा. जुन्या सिगारेटचित्राचा नेहमीचा आकार सुमारे ६८ मिलिमीटर लांब आणि ३६ मिलिमीटर रुंद असतो. कडा कापून नव्या केलेले चित्र मोजपट्टीवर उघडे पडते. भिंगाखाली आधी अक्षरे पाहावीत. मूळ छपाईत अक्षरांच्या कडा सलग असतात. छापील चित्रावरून पुन्हा छायाचित्र घेऊन बनवलेल्या नकलेत अक्षरेसुद्धा बारीक ठिपक्यांत फुटलेली दिसतात. अतिनील दिव्याची परीक्षा कागदाची. कागद पांढराशुभ्र दिसावा म्हणून त्यात मिसळतात ती चकाकणारी द्रव्ये साधारण १९५० च्या सुमारापासून वापरात आली. तेव्हा १९३० सालचे म्हणून दाखवलेले चित्र त्या दिव्याखाली निळसर पांढरे झगमगले, तर नम्रपणे खाली ठेवावे. शेवटी पाठ पाहावी. पुष्कळ प्रामाणिक पुनर्मुद्रणांवर तसे स्पष्ट छापलेलेही असते, पण घाईत कोणी वाचत नाही.

किंमत ठरते ती अवस्थेवर. चार कोपरे, चार कडा, पृष्ठभाग आणि चौकटीत चित्र मध्यभागी आहे की नाही, ह्या गोष्टी जाणकार पाहतात. परदेशी संस्था १ ते १० असे गुण देऊन चित्र पारदर्शक डबीत बंद करून देतात. एकाच चित्राच्या दोन प्रतींत केवळ कोपऱ्यांमुळे शेकडो पटींचा फरक पडतो. मात्र ज्याला विकायचे नाही, जपायचे आहे, त्याने दुमडलेला कोपरा आनंदाने स्वीकारावा. स्वस्ताईचा खरा मार्ग हाच आहे.

घासाघीस करताना दोन पथ्ये पाळावीत. हवी ती वस्तू एकटी उचलू नये, चारपाच वस्तूंच्या गठ्ठ्याचा भाव विचारावा. आणि मनात ठरवलेली मर्यादा ओलांडू नये. ‘पुन्हा मिळणार नाही’ हे वाक्य प्रत्येक बाजारात प्रत्येक दिवशी ऐकू येते.

कायद्याकडेही डोळेझाक करून चालणार नाही. चोरीची वस्तू भर बाजारात पैसे मोजून घेतली तरी ती आपली होत नाही. १९३० च्या मालविक्री कायद्याचे सर्वसाधारण तत्त्व असे की, विकणाऱ्याला जो हक्क नाही तो घेणाऱ्याला मिळत नाही. चोरीची आहे हे जाणून, किंवा तसे मानण्यास कारण असता, घेणे हा तर गुन्हाच. शिवाय १९७२ च्या पुरावस्तू कायद्याप्रमाणे शंभर वर्षांहून जुनी कलावस्तू, तसेच पंचाहत्तर वर्षांहून जुने ऐतिहासिक किंवा वाङ्मयीन मोलाचे हस्तलिखित परदेशी नेता येत नाही, आणि मूर्ती, चित्रे इत्यादी काही प्रकारांची नोंदणीही करावी लागते. हस्तिदंताची वस्तू तर कितीही स्वस्त असो, हात लावू नये.

आणलेली वस्तू टिकवणे हे पवईत विशेष कठीण. तलावाची आणि पावसाळ्याची दमट हवा, त्यातून येणारी बुरशी आणि कसर ह्यांचा कागद हा आवडता खाऊ. चित्रे चिकटपट्टीने वहीत लावू नयेत आणि लॅमिनेट तर कधीच करू नयेत. मऊ, वासाच्या प्लॅस्टिकच्या पिशव्या कागदाला आणि शाईला मारक ठरतात. पॉलिप्रॉपिलीनची किंवा पॉलिएस्टरची स्वच्छ पाकिटे घ्यावीत. ती बाहेरच्या भिंतीला टेकलेल्या कपाटात ठेवू नयेत, आणि पावसाळ्यात दर पंधरवड्याला उघडून पाहावीत.

आता थोडे ह्या छंदाच्या हेतूविषयी. मुंबईच्या मैदानांचा इतिहास मोठा आहे, पण त्याचे कागद फार थोडे उरले आहेत. पळवणकर बाळू ह्यांनी १९११ साली हिंदी संघातून इंग्लंडात जाऊन शंभरांहून अधिक बळी घेतले. चांभार जातीत जन्मलेल्या ह्या गोलंदाजाला स्वतःच्या संघात शिवाशिव सोसावी लागली. त्यांचे बंधू विठ्ठल १९२३ साली हिंदू संघाचे कर्णधार झाले. विठ्ठलांनी ‘माझे क्रीडा-जीवन’ हे आत्मचरित्र मराठीत लिहिले, ते १९४८ साली निघाले. १९४६ साली पंचरंगी सामने बंद झाले, १९४८ साली कांगा लीग सुरू झाली. त्या काळच्या क्लबांच्या धावसंख्येच्या वह्या, संघांची छायाचित्रे, आमंत्रणपत्रिका ह्या कोणाच्या तरी माळ्यावर असतील, किंवा गेल्याच आठवड्यात लगदा होण्यासाठी गेल्या असतील. इंग्लंडातल्या खेळाडूंची पन्नास चित्रे कोठेही पैसे देऊन मिळतील. बाळूंच्या काळातली एखाद्या क्लबाची वही मात्र एकदा रद्दीत गेली की जगात दुसरी नसते. तिची बाजारातली किंमत कदाचित शंभर रुपयेही होणार नाही. तरी माझ्या मते शोधावयाची वस्तू ती.

ह्या कामी आदर्श हवा असेल तर पुण्याचे दिनकर केळकर ह्यांचा घ्यावा. चष्म्याचा धंदा करणाऱ्या ह्या कवीने, ज्यांना आपण ‘अज्ञातवासी’ म्हणून ओळखतो, १९२० च्या सुमारास जमवाजमव सुरू केली. अडकित्ते, वज्री, दिवे, फण्या, दरवाजे अशा रोजच्या वापरातल्या वस्तू, ज्या इतरांना क्षुल्लक वाटत, त्यांनी आणि कमलाबाईंनी बाजारांतून आणि मोडकळीस आलेल्या वाड्यांतून मिळवल्या. वस्तूंची संख्या वीस हजारांपर्यंत गेली. आणि १९७५ साली हा सारा संग्रह त्यांनी महाराष्ट्र शासनाच्या स्वाधीन केला. लहानपणीच वारलेल्या आपल्या मुलाचे, राजाचे, नाव त्याला दिले.

ह्यावरून एका नाजूक प्रश्नाचे उत्तरही सापडते. विकणाऱ्याला मोल ठाऊक नाही आणि घेणाऱ्याला आहे, अशा वेळी काय करावे? शोधण्याचे श्रम आणि ज्ञान ह्यांचा मोबदला घेणाऱ्याने घ्यावा, ह्यात गैर नाही. पण फुटपाथवरच्या बाईने दहा रुपये सांगितले आणि वस्तू हजारोंची आहे हे आपल्याला दिसत असेल, तर तिला सत्य सांगून वाजवी भाव द्यावा. एखाद्या विधवेने नवऱ्याची पेटी उघडून समोर ठेवली असेल, तर आधी तिला सांगावे की ही वस्तू काय आहे, आणि मगच विकत मागावी. असे वागणाऱ्याला घबाड कमी मिळेल, परंतु दारे पुष्कळ उघडतील.

तेव्हा माझी विनंती एवढीच. येत्या पावसाळ्याआधी आपापल्या माळ्यावरच्या पेट्या एकदा स्वतः उघडा. जे नको असेल ते खुशाल विका, पण छायाचित्राच्या पाठीवर कोण, कोठले आणि कोणत्या साली, एवढे शिसपेन्सिलीने लिहून मगच द्या. पुढे चोरबाजारात ते ज्याच्या हाती पडेल, त्याला त्या दोन ओळींमुळे कळेल की आपल्या हातात काय आहे.