झिरोच्या बल्बचं बिल शून्य नसतं

झोपायच्या खोलीत किंवा देवघरात रात्रभर जळणारा झिरोचा बल्ब अनेक घरांत फुकटचा मानला जातो. नावातच शून्य म्हटल्यावर तो वीज कसली खाणार? पण तारेचा जुना झिरो बल्ब साधारण १५ वॉट वीज घेतो. पूर्वीचे चकतीचे मीटर इतका लहान भार धड नोंदवत नसत, म्हणून हे नाव पडलं. रोज १० तास जळला, तर तो वर्षाला सुमारे ५५ युनिट खातो. अर्ध्या वॉटचा एलईडी दिवा तेवढ्याच वेळात २ युनिटही घेत नाही.

गैरसमज : वॉट जास्त, तर उजेड जास्त.

वस्तुस्थिती : वॉट म्हणजे विजेचा खर्च. उजेड मोजतात ल्युमेनमध्ये, आणि तो आकडा खोक्यावर छापलेला असतो. ६० वॉटच्या पिवळ्या बल्बइतका उजेड सीएफएल १५ वॉटमध्ये, तर एलईडी ९ वॉटमध्ये देतो. पिवळ्या बल्बची ९० टक्क्यांहून अधिक वीज टंगस्टनची तार तापवण्यात, म्हणजे उष्णतेत जाते. रोज ५ तासांच्या वापराला वर्षाकाठी पिवळा बल्ब सुमारे ११० युनिट घेतो, सीएफएल २७ आणि एलईडी १६.

गैरसमज : एलईडी बनवायलाच इतकी वीज लागते, की बचत धुऊन जाते.

वस्तुस्थिती : दिव्यापायी लागणाऱ्या एकूण ऊर्जेचा सर्वांत मोठा वाटा, जवळजवळ ९० टक्के, तो घरात जळतानाच खर्च होतो. शिवाय पिवळा बल्ब १,००० तासांच्या आसपास जातो, चांगला एलईडी १५,००० तासांहून अधिक चालतो. आपली बरीचशी वीज अजून कोळशावर तयार होते. एका युनिटमागे सुमारे ०.७ किलो कार्बन डायऑक्साइड धरला, तर ६० वॉटचा एक बल्ब बदलल्याने वर्षाला ६५ किलोच्या आसपास वायू हवेत जायचा वाचतो.

गैरसमज : एलईडी गरिबाला परवडत नाही.

वस्तुस्थिती : २०१४ मध्ये सरकारी खरेदीत एका एलईडी बल्बला ३१० रुपये पडत. जानेवारी २०१५ मध्ये ‘उजाला’ योजना सुरू झाली, मोठ्या प्रमाणावर एकत्र खरेदी झाली आणि २०१६ पर्यंत हा दर ३८ रुपयांवर आला. या योजनेत ३६ कोटींहून अधिक बल्ब वाटले गेले.

गैरसमज : गेलेला सीएफएल केराच्या टोपलीत टाकला, की झालं.

वस्तुस्थिती : त्यात काही मिलिग्रॅम पारा असतो, ट्यूबलाइटमध्येही असतो. काच फुटली, तर माणसांनी खोलीबाहेर जावं आणि खिडक्या १०-१५ मिनिटं उघड्या ठेवाव्यात. तुकडे झाडूने लोटू नयेत. जाड पुठ्ठ्याने उचलून घट्ट झाकणाच्या बरणीत भरावेत. एलईडीत पारा नाही, पण सर्किट आहे. म्हणून दोन्ही दिवे ओल्या-सुक्या कचऱ्यात न टाकता ई-कचरा संकलनातच द्यायला हवेत.

घरातले सगळे दिवे एकाच दिवशी बदलायची गरज नाही. सर्वांत जास्त तास जळणारा पिवळा बल्ब आधी काढा. अनेक घरांत तो झिरोचाच निघेल.