समुद्रावरील तेलतवंग आणि जहाजाची साक्ष : एक प्रमाणविचार

मालवाहू जहाजांतून समुद्रात चोरून सोडल्या जाणाऱ्या तेलाचा प्रश्न वरवर पाहता रसायनशास्त्राचा आणि कायद्याचा आहे. परंतु त्याच्या मुळाशी प्रमाणांचा प्रश्न आहे. पाण्यावर तवंग दिसतो, पण तो कोणी सोडला हे तो सांगत नाही. जहाज आपण कोण आहोत व कोठे आहोत हे सांगते, पण आपण काय केले हे सांगत नाही. या दोन अपुऱ्या साक्षी एकत्र आणून दोष निश्चित करता येतो काय, आणि येत असल्यास कितपत, याचे विवेचन येथे करावयाचे आहे.

१. नित्याचे प्रदूषण

सागरी तेलप्रदूषण म्हटले की अपघात आठवतात. १९६७ मध्ये इंग्लंडच्या नैर्ऋत्येस फुटलेले टॉरी कॅन्यन हे टँकर, किंवा ७ ऑगस्ट २०१० रोजी मुंबईजवळ टक्कर होऊन कललेले एम.एस.सी. चित्रा हे जहाज, ही त्याची प्रसिद्ध उदाहरणे होत. अपघात सर्वांना दिसतो, त्याची चौकशी होते व जबाबदार जहाजाचे नाव पहिल्या दिवसापासून ठाऊक असते. नित्याच्या विसर्गाचे तसे नाही. तो लहान असतो, पुनःपुन्हा होतो आणि निनावी राहतो. २०१४ ते २०१९ या काळातील ५ लाख ६० हजारांहून अधिक उपग्रह-रडारप्रतिमा तपासून २०२२ मध्ये प्रसिद्ध झालेल्या एका अभ्यासात, समुद्रावरील तेलतवंगांच्या एकूण क्षेत्रापैकी सुमारे ९४ टक्के क्षेत्र मानवी कारणांमुळे असल्याचे दाखविण्यात आले. या कारणांत जहाजांखेरीज तेलविहिरी, नळमार्ग व जमिनीवरून वाहून येणारे तेल यांचाही समावेश होतो, हे खरे. तथापि तवंगांचे अनेक दाट पट्टे जहाजांच्या वाहतूकमार्गांशी जुळतात, ही गोष्टही त्याच अभ्यासात स्पष्ट झाली.

हे तेल येते कोठून? जहाजाच्या यंत्रगृहात इंधन, वंगण, थंड करण्याचे पाणी व गळतीचे खारे पाणी मिसळून तळाशी साचत राहते. या मिश्रणास बिल्जचे पाणी म्हणतात. त्यातील तेल विभाजकयंत्राने वेगळे करावयाचे आणि उरलेला गाळ बंदरावर उतरवून द्यावयाचा, अशी रीत आहे. परंतु विभाजकयंत्राची देखभाल, बंदरातील शुल्क व तेथे मोडणारा वेळ यांसाठी पैसा लागतो. तो वाचविण्यासाठी विभाजकयंत्रास वळसा घालणारी एक नळी जोडून मिश्रण परस्पर समुद्रात सोडले जाते. खलाशांच्या बोलीत तिला ‘मॅजिक पाइप’ असे नाव आहे.

२. नियम आणि त्यातून निघणारी व्याप्ती

१९५४ च्या लंडन करारापासून या विसर्गावर आंतरराष्ट्रीय निर्बंध आले. आज प्रमाण मानला जातो तो १९७३ चा व १९७८ मध्ये सुधारलेला मार्पोल करार. त्याचे तेलविषयक परिशिष्ट २ ऑक्टोबर १९८३ पासून अमलात आले. त्यानुसार ४०० टन वा त्याहून अधिक सकल टनभाराच्या जहाजाने यंत्रगृहातील पाणी सोडताना ते चालते असले पाहिजे, पाणी गाळणयंत्रातून गेलेले असले पाहिजे, आणि त्यातील तेलाचे प्रमाण दहा लाख भागांत १५ भागांहून अधिक असता कामा नये. अशा प्रत्येक क्रियेची नोंद तेल-नोंदवहीत करावी लागते.

या नियमातून एक महत्त्वाचे अनुमान निघते. १५ भागांच्या मर्यादेत गाळलेले पाणी समुद्रावर सामान्यतः दृश्य खूण ठेवीत नाही. म्हणून चालत्या जहाजामागे तवंगाची रेघ दिसत असेल, तर मर्यादा ओलांडली गेली असावी, असे मानण्यास आधार मिळतो. धूम पाहून अग्नीचे अनुमान करावे, त्यातलाच हा प्रकार आहे. मात्र ही व्याप्ती यंत्रगृहातील पाण्यापुरती आहे. टँकरच्या मालटाक्यांतील धुवणासाठी निराळा नियम असून, किनाऱ्यापासून ५० सागरी मैलांपलीकडे, सागरी मैलामागे ३० लिटरपर्यंत तेल सोडण्याची मुभा काही अटींवर त्यात आहे. ही उपाधी विसरल्यास अनुमान सदोष होते.

३. जहाजाचे शब्दप्रमाण

जहाजाची पहिली साक्ष म्हणजे त्याचे स्वतःचे निवेदन. ३०० टन व त्यावरील सकल टनभाराच्या आणि आंतरराष्ट्रीय प्रवास करणाऱ्या जहाजांवर स्वयंचलित ओळखयंत्रणा, म्हणजे एआयएस, बसविणे २००४ अखेरपर्यंत टप्प्याटप्प्याने बंधनकारक झाले. जहाजांची टक्कर टळावी, हा तिचा मूळ हेतू होता. चालते जहाज वेगानुसार दर २ ते १० सेकंदांनी, तर नांगरलेले जहाज दर ३ मिनिटांनी आपला नऊअंकी ओळखक्रमांक आणि स्थान प्रक्षेपित करते. चालत्या जहाजाचा वेग व दिशाही त्यातून कळते. हे संदेश किनाऱ्यावरील केंद्रे टिपतात आणि भर समुद्रात उपग्रह टिपतात.

या निवेदनातील सर्व अंश सारख्याच विश्वासाचे नसतात. स्थान व वेग हे उपकरणांकडून आपोआप येतात. गंतव्य बंदर, जहाजाची बुडखोली आणि ‘चालते’ वा ‘नांगरलेले’ ही अवस्था अधिकारी हाताने भरतात. ओळखक्रमांकही यंत्रात भरलेलाच असतो, त्यामुळे तो बदलता येतो. खोटे स्थान प्रक्षेपित केल्याचीही उदाहरणे आहेत. यंत्रणा बंद ठेवणे हा तर सर्वांत सोपा मार्ग. परंतु मौनाचा अर्थ नेहमी अपराध असा नसतो. चाचेगिरीसारख्या धोक्यात यंत्रणा बंद करण्याचा अधिकार कप्तानास आहे, आणि गजबजलेल्या समुद्रात अनेक संदेश उपग्रहापर्यंत पोचतच नाहीत. तात्पर्य, हे शब्दप्रमाण आहे खरे, पण वक्ता आप्त आहे की नाही, हे दर वेळी तपासावे लागते.

४. तवंगाचे लिंग

दुसरी साक्ष पाण्यावरची. वाऱ्यामुळे समुद्राच्या पृष्ठावर काही सेंटिमीटर लांबीच्या तरंगिका उठतात, आणि उपग्रहावरील रडारचे किरण त्यांवरून परावर्तित होतात. तेलाचा पातळ थर या तरंगिका शमवितो. तेथून किरण फारसे परतत नाहीत व प्रतिमेत काळा डाग दिसतो. जहाजाच्या पोलादी अंगावरून मात्र प्रबळ परावर्तन होऊन तेजस्वी ठिपका उमटतो. रडारला रात्र व ढग आड येत नाहीत, म्हणून रात्रीच्या अंधारात केलेला विसर्गही त्यास दिसतो. युरोपीय सागरी सुरक्षा संस्थेची अशी निरीक्षणसेवा २००७ पासून चालू आहे. २०१४ मध्ये सोडलेल्या सेंटिनेल-१ ए या उपग्रहापासून अशा प्रतिमा जगभरच्या अभ्यासकांना विनामूल्य मिळू लागल्या.

तथापि प्रत्येक काळा डाग तेलाचा नसतो. वारा सेकंदास दोन-तीन मीटरांहून मंद असला तर तरंगिकाच उठत नाहीत व सारा समुद्र काळा दिसतो. वारा फार जोराचा असला तर तेल पाण्यात मिसळून डाग नाहीसा होतो. शैवाल व अन्य जीवांपासून निघणारे स्निग्ध पदार्थ आणि पावसाच्या सरी हेही तेलासारखे भास निर्माण करतात. नैयायिकांच्या भाषेत सांगावयाचे तर, केवळ काळेपणा हा हेतू सव्यभिचार आहे. डागाचा लांब व अरुंद आकार, त्याच्या स्पष्ट कडा, वाऱ्याची स्थिती व वाहतूकमार्गाचे सान्निध्य यांची जोड मिळाल्यावरच तो विश्वसनीय ठरतो.

५. दोन साक्षींचा मेळ

अनुमान कसे बांधतात, ते एका कल्पित उदाहरणाने स्पष्ट होईल. प्रतिमेत २४ सागरी मैल लांबीची रेघ दिसते. तिचे एक टोक रुंद व विसकटलेले असून दुसरे टोक निमुळते आहे. निमुळते टोक ताजे, रुंद टोक जुने. त्या परिसरातील एक जहाज १२ नॉट वेगाने जात असल्याचे त्याच्या निवेदनावरून कळते. म्हणजे विसर्ग सुमारे दोन तास चालला असावा. दरम्यान तवंग स्थिर राहिलेला नसतो. तो प्रवाहाबरोबर वाहतो आणि वाऱ्याच्या वेगाच्या सुमारे ३ टक्के वेगाने सरकतो. वारा सेकंदास ८ मीटर असेल, तर दोन तासांत जुने टोक केवळ वाऱ्यामुळे सुमारे पावणेदोन किलोमीटर बाजूला गेलेले असेल. म्हणून जहाजाचा माग जसाच्या तसा रेघेवर ठेवून पाहणे चुकीचे आहे. मागावरील प्रत्येक बिंदू त्या त्या वेळेपासून वारा व प्रवाह यांनुसार पुढे सरकवून मगच रेघेशी ताडून पाहावा लागतो. शिवाय चालत्या जहाजाचा ठिपका रडारप्रतिमेत त्याच्या खऱ्या जागेपासून काहीसा सरकलेला उमटतो, तीही दुरुस्ती करावी लागते.

हा मेळ एकाच जहाजाशी बसला तर संशय बळकट होतो. वर्दळीच्या मार्गावर मात्र तासाभराच्या अंतराने दोन-तीन जहाजे त्याच रेषेवरून जातात, आणि अनुमान तेथे अडते. ज्याने यंत्रणा बंद ठेवली ते जहाज तर तुलनेत येतच नाही. अशा वेळी प्रामाणिकपणे आपले स्थान सांगणाऱ्या जहाजावर दोष येण्याचा संभव असतो. या पद्धतीतील सर्वांत गंभीर धोका हाच होय.

६. अनुमानापासून निर्णयापर्यंत

कायद्याने हा धोका ओळखलेला आहे. १९८२ च्या सागरी कायद्याच्या करारानुसार, अनन्य आर्थिक क्षेत्रात परकीय जहाजाने विसर्ग केल्याचा सबळ आधार असल्यास किनारी राष्ट्र त्याच्याकडे माहिती मागू शकते. पुढची पावले उचलण्यास प्रदूषण अधिक गंभीर असावे लागते. शिक्षाही दंडापुरतीच मर्यादित आहे, आणि ज्या देशाचा ध्वज जहाजावर आहे, त्या देशास खटला आपल्याकडे घेण्याचा अधिकार बहुधा राहतो. म्हणून उपग्रहप्रतिमा व एआयएसचा माग यांचे योग्य स्थान निवाड्याचे नसून चौकशीच्या प्रारंभाचे आहे. पुढच्या बंदरात जहाज पोचताच नळ्या, टाक्या व तेल-नोंदवही तपासणे, तसेच तवंगाचा नमुना मिळाल्यास त्याचे जहाजातील तेलाशी रासायनिक साम्य पाहणे, यांमुळे अनुमानास प्रत्यक्षाची जोड मिळते.

माणसाच्या शब्दाची जागा तरीही यंत्रांनी घेतलेली नाही. कॅरिबियन प्रिन्सेस या प्रवासी जहाजावरील वळसानळी २०१३ मध्ये उघडकीस आली, ती तेथील एका अभियंत्याने अधिकाऱ्यांना कळविल्यामुळे. या प्रकरणी कंपनीने गुन्हा कबूल केला व तिला अमेरिकेत ४ कोटी डॉलरांचा दंड झाला. येथे वक्ता आप्त होता आणि त्याच्या शब्दास तपासणीने पुष्टी मिळाली.

भारताच्या पश्चिम किनाऱ्यास हा विचार परका नाही. पावसाळ्याच्या आगेमागे गोव्याच्या व कोकणच्या वाळूवर डांबराचे गोळे येऊन पडतात. गोव्यातील राष्ट्रीय समुद्रविज्ञान संस्थेच्या अभ्यासकांनी त्यांच्या रासायनिक घडणीवरून मुळाचा शोध घेतला आहे. काही वर्षीचे गोळे टँकरमधील तेलाशी, तर काही वर्षीचे बॉम्बे हायच्या तेलाशी जुळणारे आढळले. परंतु गोळा वाळूवर येईपर्यंत कित्येक दिवस लोटलेले असतात. तेलाचा प्रकार सांगता येतो, जहाजाचे नाव सांगता येत नाही. लिंग उरते, पण लिंगी निघून गेलेला असतो. म्हणून तवंग ताजा असताना, जहाजाचे निवेदन जपलेले असताना आणि पुढचे बंदर येण्यापूर्वी या दोन साक्षी एकत्र आणणे, यावरच या विद्येची सारी उपयुक्तता अवलंबून आहे.